आता झोपा

३ फेब्रुवारी

पोचले. सामान दोन बॅगा, एक गादी आणि टेबललॅम्प. खोली दवाखान्याच्याच इमारतीत आहे, चौथ्या मजल्यावर. दवाखाना तिसऱ्यावर. म्हणजे कामावर जायला फक्त बावीस पायऱ्या. इतका छोटा प्रवास आयुष्यात कधी मिळाला नव्हता, म्हणून आज उगीचच दोनदा करून बघितला.

खोली छान आहे. पूर्वेला खिडकी, भिंतीत कपाट, नळाला जोरात पाणी. दोन पलंग मावतात, टेपने मोजून घेतलं. दुसरा आईसाठी.

दवाखान्यात झोपेची तपासणी होते. झोपायच्या तीन खोल्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी एक मॉनिटर-खोली. डॉक्टरीणबाई मोजकं बोलतात, ते मला आवडलं. झाडलोट करणाऱ्या मावशींनी पहिल्याच भेटीत विचारलं की लग्न झालंय का, नाही तर का नाही, आणि उत्तराची वाट न बघता चहा दिला. तेही चाललं.

ही नोकरी मी मागून घेतली. बाबा गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं, आई रात्री उठते ती उठतेच. दीडला, अडीचला, कधी पावणेचारला. घरभर फिरते, भांडी लावते. गेल्या थंडीत जिन्यावरून पडली आणि मनगट मोडून घेतलं. दादा आणि वहिनी सांभाळतात. पण वहिनी परवा फोनवर म्हणाली की आमच्याकडे आता झोपत कोणीच नाही, आळीपाळीने पडतो फक्त. तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच ते लागलं. १९ तारखेला दादा आईला इथे आणून सोडणार आहे, २१ ला तिची तपासणी ठरली आहे. तोवर मला सगळी घडी बसवायची आहे.

आईची नाडी दर अकराव्या ठोक्यानंतर एक ठोका गाळते. निरुपद्रवी आहे, तपासून घेतलंय. लहानपणी तिच्या छातीवर डोकं ठेवून मी तो गाळलेला ठोका पकडायचे. मी मोजायला शिकले ती तिथेच.

आज मी रात्रभर न उठता झोपणार. दमले आहे, पण बऱ्या अर्थाने.

५ फेब्रुवारी

काम समजलं. पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला, छातीला आणि पायांना मिळून एकवीस वायरी लावायच्या. त्या उशाशी भिंतीवर असलेल्या डबीत जातात आणि डबीतून मॉनिटर-खोलीतल्या पडद्यावर. प्रत्येक वायरीची एक रेघ. तीस सेकंदांचं एक पान. आठ तासांच्या रात्रीची नऊशे साठ पानं. रात्री रेकॉर्डिंग इथले जुने तंत्रज्ञ करतात, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. सकाळी मी ती पानं वाचते आणि प्रत्येकावर शिक्का मारते: जाग, हलकी झोप, गाढ झोप, स्वप्न. दुपारपर्यंत दिवसाच्या डुलक्यांच्या चाचण्या घेते.

मास्तर बावीस वर्षं रात्रपाळी करत आहेत. डोळ्यांखाली पिशव्या आहेत. म्हणाले, यात झोप साठवून ठेवली आहे, रिटायर झालो की काढेन. मला ते इंजिनीअरबाई म्हणतात. मी फक्त डिप्लोमा केलाय हे सांगून झालं, उपयोग नाही.

झोपण्याआधी इंटरकॉमवरून पेशंटला सूचना द्यायच्या असतात, म्हणजे रेघा बरोबर येत आहेत का ते कळतं. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. मान न हलवता वर बघा, खाली बघा. डावीकडे, उजवीकडे. पाच वेळा पापण्या मिटा. डोळे उघडे ठेवून समोर बघा. डोळे मिटा. आणि शेवटी: आता झोपा.

मास्तरांचा एक नियम आहे. सुरू केलेलं कॅलिब्रेशन अर्धवट सोडायचं नाही, इमारतीला आग लागली तरी. शेवटचं वाक्य म्हणायचंच. आणि रोज सकाळी पेशंट गेले की ते इंटरकॉमचा खटका तीन नंबरवर ठेवतात, माइकजवळ वाकतात, रिकाम्या खोलीला "आता झोपा" म्हणतात आणि मग डबा उचलून घरी जातात. का, विचारलं. म्हणाले, मशीनला बरं वाटतं.

तीन नंबरची खोली दोन वर्षं वापरात नाही. चादरी ठेवतात. पलंगाशेजारच्या हुकावर एकवीस वायरी लटकतात. प्रत्येकीला बारीक, सुबक अक्षरात चिठ्ठी लावलेली. माझ्या आधी जी मुलगी होती तिचं हे काम. वायरी हुकावर लावायचा क्रमही तिनेच ठरवलेला: डोळ्यांच्या सर्वांत आत, मग पाय, मग डोकं, दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. उलटसुलट वाटतो, पण गुंता होत नाही. मास्तरांना तो अजून जमत नाही. मला दोन दिवस लागले. ती नोकरी सोडून गावी गेली म्हणाले.

एक नोंद: हुकावर लटकणाऱ्या वायरींची डबी चालू केली तरी पडद्यावर रेघ येते. भिंतीतल्या विजेची घरघर असते ती, पन्नास हर्ट्झ. जाड, सरळ, वहीच्या समासासारखी नीट. जिवंत माणसाची रेघ कधीच इतकी नीट नसते.

९ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी पेशंटसाठी एक पत्रक लिहायला सांगितलं: रात्री जाग का येते आणि काय करावं. दोन पानांत बसवलं.

जाग येण्याची कारणं: लघवी, दुखणं, घोरताना अडणारा श्वास, खोलीतला उकाडा, संध्याकाळचा चहा, रात्रीची दारू, वय, काळजी. उपाय: उठायची वेळ रोज एकच ठेवा. चार वाजल्यानंतर चहा नको. पलंग झोपण्यापुरताच. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा, कारण जागेपणी वेळ बघितली की मेंदू बेरजा करायला बसतो. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा.

मावशींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, कंटाळवाणंच हवं असेल तर हेच पत्रक वाचावं. त्या स्वतः उशीला डोकं लावायच्या आधी झोपतात. त्यांचे मालक तक्रार करतात की भांडायलाही जागी राहत नाही.

मला त्यातलं एक वाक्य पटलं, मी लिहिलेलं असूनही. निरोगी माणूस रात्रीत दहा-पंधरा वेळा जागा होतो आणि त्याला ते आठवतही नाही. जाग येणं हा आजार नाही. परत न झोपणं हा आजार आहे.

आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, अगं, मग मला परत झोप असं सांगणारं कोणीतरी हवं. पूर्वी तुझे बाबा सांगायचे.

१२ फेब्रुवारी

आज चूक झाली. नोंदवून ठेवते.

सकाळी एक नंबरच्या डबीत खरखर येत होती, म्हणून ताडून बघायला मी तीन नंबरची डबी चालू केली. स्पीकर तपासायला इंटरकॉमचा खटका "सर्व"वर नेला. नंतर दोन्ही बंद करायचे राहिले.

अकराची चाचणी दोन नंबरमध्ये एका बसड्रायव्हरची होती. गडी गमत्या आहे. म्हणाला, माझ्या बसमध्ये सगळे झोपतात, मी एकट्याने का जागायचं. पण चाचणीचा निकाल लागेपर्यंत त्याला गाडीला हात लावू देत नाहीत, आणि ते त्याच्या हसण्यात दिसतं. पडला की दोन मिनिटांत घोरायला लागतो.

कॅलिब्रेशन सुरू केलं. वर, खाली, डावी, उजवी, पापण्या. डोळे उघडे ठेवून समोर बघा, असं म्हणाले आणि तो उठूनच बसला. बाथरूम, ताबडतोब. वायरी सोडवून दिल्या. परत आला तेव्हा उशीर झाला होता, म्हणून पुन्हा सूचना न देता मी सरळ दिवा बंद करून वेळ लावली. शेरा लिहिला: ११:०७, कॅलिब्रेशन अपुरं. शेवटचं वाक्य म्हटलं नाही. म्हणायला हवं असं वाटलंही नाही.

तो झोपला नाही. वीस मिनिटं, चाळीस पानं, डोळे उघडे ठेवून समोर बघत राहिला. नंतर म्हणाला की झोप दाटून आली होती, पण कोणीतरी आधीच जागं असल्यासारखं वाटत होतं, आणि आपण झोपणं बरं दिसलं नसतं.

१३ फेब्रुवारी

तीन नंबरच्या डबीचं कालचं रेकॉर्डिंग पुसायला घेतलं. अकरापर्यंत समास. ठीक.

११:०५ ला समास मोडतो. माझा आवाज ज्या सेकंदाला "वर बघा" म्हणतो, त्यानंतर पाऊण सेकंदाने डोळ्यांच्या दोन्ही रेघा वर जातात. मग खाली. डावी, उजवी. पापण्या पाच. ११:०७ ला डोळे उघडे. त्यानंतर संध्याकाळी मी मुख्य खटका बंद करेपर्यंत, सहा तास अकरा मिनिटं, जाग्या माणसाच्या रेघा. मधूनमधून पापणी लवते. वाट बघणाऱ्याची लवते तशी.

दोन नंबरच्या तारांमधून सिग्नल झिरपला असणार. शेजारून गेलेल्या तारांत असं होतं. फक्त ड्रायव्हर बाथरूममध्ये होता त्या चार मिनिटांत सिग्नल कोणाचा झिरपला, हे लिहायला मला जागा सापडत नाही. डबी बंद करून प्लग काढला. रेकॉर्डिंग ठेवलं.

१७ फेब्रुवारी

चार रात्री मलाही जाग येते आहे. पत्रकातलं सगळं पाळते. चहा बंद, घड्याळ भिंतीकडे. डोळे आपोआप उघडतात आणि मी छताकडे बघत पडते, मनात काळजी नाही, विचार नाही, अंग मात्र शिणलेलं. मग एकदम झोप येते, कोणी सोडून दिल्यासारखी.

मास्तर सकाळी मॉनिटर-खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या पेंगत होते. मावशीसुद्धा आज म्हणाल्या की ताई, मला रात्री कसं कोण जाणे जाग आली आणि भांडायला मालक झोपलेले.

पानं वाचताना सवयीने मोजत गेले. बारा तारखेच्या रात्री एक आणि दोन नंबरचे दोन्ही पेशंट एकाच क्षणी जागे झाले, एक पानभर. तेरा तारखेला वेगळे पेशंट, दोन पानं. चौदाला चार. पंधराला आठ. काल सोळा. एक जण पासष्टीचा, एक विशीतली मुलगी, कोणाचं कोणाशी नातं नाही. दोघांचे डोळे एकाच पानावर उघडतात, एकाच पानावर मिटतात. कॅमेऱ्यात पाहिलं. हलत नाहीत. समोर बघतात.

दर रात्री दुप्पट. आज बत्तीस व्हायला हवीत. होऊ नयेत असं लिहिते आहे, पण मला बेरीज करता येते. असंच चाललं तर २२ तारखेच्या रात्री एक हजार चोवीस. रात्रीत मुळात नऊशे साठ पानं असतात.

१८ फेब्रुवारी

बत्तीस. सोळा मिनिटं.

डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पडदा बघितला, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाल्या की मशीनमध्ये दोष आहे. सोमवारी कंपनीचा माणूस येईपर्यंत नवे पेशंट घ्यायचे नाहीत. आईची तपासणी मात्र ठरल्याप्रमाणे २१ ला करून टाक म्हणाल्या, घरचंच माणूस आहे. त्यांनी हे भल्यासाठी म्हटलं.

मास्तरांना तीन नंबरचं रेकॉर्डिंग दाखवलं. त्यांनी पाच पापण्या मोजल्या आणि पाणी मागितलं. मग सांगितलं, भिंतीकडे बघून.

माझ्या आधीची मुलगी नोकरी सोडून गेली नाही. तिला काही आठवड्यांपासून झोप नव्हती. माझ्याच खोलीत राहायची. एका रात्री म्हणाली, मास्तर, माझीच तपासणी करा. वायरी तिने स्वतःच्या स्वतः लावल्या, तीन नंबरमध्ये. मास्तरांनी कॅलिब्रेशन सुरू केलं. डोळे उघडे ठेवून समोर बघ, म्हणाले, आणि त्यांचा फोन वाजला. घरून. बायकोला ताप होता. ते बोलत बोलत बाहेर गेले. अकरा मिनिटं. परत आले तेव्हा सगळ्या रेघा समासासारख्या होत्या आणि डोळे उघडे होते. हृदय, असं कागदावर लिहिलं गेलं. दवाखान्याचं नाव खराब नको म्हणून बाकी सगळ्यांना सांगितलं, गावी गेली.

मी तिला झोप म्हणालोच नाही गं पोरी, असं ते दोनदा म्हणाले. म्हणून रोज सकाळी म्हणायचे. दोन वर्षं ऐकत होती. आता गेले सहा दिवस म्हणतोय, ऐकत नाही. या वेळी उठवलं मी नाही ना.

पहिल्यांदाच त्यांनी मला इंजिनीअरबाई म्हटलं नाही.

ते गेल्यावर तीन नंबरची डबी प्लग लावून चालू केली. खटका तीनवर. "आता झोपा" म्हटलं. तीन वेळा म्हटलं. समास हलला नाही. संपूर्ण कॅलिब्रेशन म्हटलं. समास. तिथे कोणी नव्हतं. किंवा एकटीला म्हटलेलं तिला ऐकू येत नाही. त्या दिवशी शेजारी ड्रायव्हर होता, त्याच्याबरोबर तिने केलं होतं.

दादाला फोन केला की आईला आठवडाभर आणू नकोस. तो म्हणाला, निघालो आहोत. मागून वहिनी म्हणत होती की काल रात्री आईंनी गॅस चालू ठेवला होता. मी बरं म्हटलं.

१९ फेब्रुवारी

आई आली. खोली बघून म्हणाली, इथे फिरायचं कुठे? मुद्दाम अशी खोली घेतलीस ना. दादा दाराशीच उभा राहून हसला आणि अर्ध्या तासात निघाला. जाताना म्हणाला, आज मी झोपणार आहे. त्याचा चेहरा बघून मी आईची बॅग आत ओढून घेतली.

मास्तर रजेवर गेले. मावशींच्या हाती निरोप: सगळं पूर्ण होईपर्यंत मी त्या इमारतीत पाय ठेवणार नाही, मला माफ कर.

आईचा हात हातात घेऊन नाडी बघितली. अकरा, आणि एक गाळलेला. तेवढ्याने बरं वाटलं.

२० फेब्रुवारी

रात्री एक तास चार मिनिटं. दोघी. दोन पलंगांवर उताण्या, डोळे उघडे. मला मान वळवता येत होती की नाही, आठवत नाही. वळवली नाही.

सकाळी आई म्हणाली की घरी उठायचे तेव्हा निदान पाय माझे असायचे. इथे कोणीतरी मला जागं धरून ठेवतंय. मग म्हणाली, एक रात्र मिळाली तरी पुरे गं, एकच. चार वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

डोळ्यांत वाळू. अक्षर बघते तर माझं वाटत नाही. बारीक आलंय. सुबक.

२१ फेब्रुवारी, सकाळ

दोन तास आठ मिनिटं. आज पाचशे बारा पानं होतील. उद्या सगळी रात्र. परवापासून काय, ते मोजता येत नाही.

ठरवलं. आई दोन नंबरमध्ये. तीनची डबी चालू. खटका "सर्व"वर. कॅलिब्रेशन पहिल्यापासून शेवटपर्यंत, शेवटच्या वाक्यासकट. दोघींना एकदम. तिला झोपवायला शेजारी कोणीतरी झोपणारं लागतं, आणि पेशंट नाहीत. हे मी आईला सांगितलेलं नाही.

रात्री ९:५०

आईला वायरी लावल्या. म्हणाली, देवघरातली समई पुसतेस तशी पुसते आहेस माझं कपाळ. हे दुखेल का म्हणून विचारलं. नाही म्हणाले.

१०:१२

सुरू केलं. वर. खाली. आईची रेघ. पाऊण सेकंदाने तीनची. डावी, उजवी. पापण्या पाच आणि पाच. डोळे उघडे. तीस सेकंद. डोळे मिटा.

दोघींनी मिटले.

आता झोपा. स्पष्ट म्हटलं. शुभ रात्री, हेही म्हटलं.

१०:१९

आई झोपली. तीनही. झालं. इतकंच होतं. खुर्चीत बसून रडले, त्याची नोंद करायचं कारण नाही.

१:४०

चारशे सोळा पानं. आईला एकही जाग नाही. गाढ झोप. उंच, संथ लाटा, ओळीने. चार वर्षांत पहिल्यांदा. दादाला मेसेज लिहिला, पाठवला नाही, झोपला असेल.

एकही जाग नाही.

पत्रकात मीच लिहिलंय. निरोगी माणूससुद्धा दहा-पंधरा वेळा.

१:५५

लाटांची उंची मोजली. साठीच्या बाईची लाट इतकी उंच नसते. वयाबरोबर बसते ती. ही पंचविशीची आहे.

दोनच्या हृदयाची रेघ. चाळीस ठोके. साठ. शंभर. एकही गाळलेला नाही.

२:०५

दोन नंबरमध्ये जाऊन आले. हात गरम. श्वास संथ. चेहरा आईचा. छातीवर कान ठेवला. दोनशे मोजले. सगळे ठोके आहेत.

२:१०

तीन नंबरची हृदयाची रेघ. अकरा. गाळलेला. अकरा. गाळलेला.

तीनमध्येही गेले. चादरी. हुकावर वायरी. कोणी नाही. पडद्यावर आई झोपली आहे.

मी दोघींना एकदम झोप म्हटलं. कोणी कुठे झोपायचं ते सांगितलं नाही.

२:२५

तीनच्या रेघा — पायांच्या दोन्ही समास झाल्या. हनुवटीचीही. नीट होत चालल्या आहेत. खालून वर.

मशीन बंद करायचं नाही. काही झालं तरी.

२:३१

खटका तीनवर. फक्त तीन. आई, उठ. तीन वेळा. रेघ हलली. जागी आहे. ऐकते आहे.

तिला परत दोनमध्ये — शब्द कोणते म्हणायचे, मला हे कोणी शिकवलेलं —

पहिल्यापासून. दोघींना एकदम, मग आधी दोनला उठ म्हणायचं, मग

२:३४

दोनला मी काही म्हटलेलं नाही. कॅमेऱ्यात ती उठून बसली आहे.

वायरी काढते आहे. सावकाश. ओढत नाही. हुकावर लावते आहे. डोळ्यांच्या सर्वांत आत. मग पाय. मग डोकं. दोन वेढे. टोक आत खोचलं.

आईला क्रम माहीत नाही.

२:३६

दोनचं दार.

तीनच्या कपाळाच्या रेघा गेल्या. डोळ्यांच्या राहिल्यात. बोलत राहायला हवं. एका हाताने माइक, एका हाताने हे — कोणीतरी वाचलं तर खटका तीनवर ठेवा, बंद करू नका —

आई, वर बघ. बघितलं. खाली. बघितलं.

पावलं. सावकाश. अनवाणी. बाहेरून माझं नाव, आईच्या आवाजात, झोप पूर्ण झालेल्या माणसाच्या.

आई, पाच वेळा पापण्या मिट. एक. दोन. तीन.

कडी.

चार.

मी मान वळवणार नाही. पाचवी अजून